जलपर्णीचे दोन देठ

झाशीच्या लक्ष्मी गेटमधून बाहेर पडले की लक्ष्मी ताल लागतो. काठाला महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि १८५३ साली वारलेल्या गंगाधररावांची राणीने बांधवलेली छत्री. मराठी प्रवासी तेवढे पाहतो, हात जोडतो आणि किल्ल्याकडे वळतो. तलावाकडे पाहावेसे वाटत नाही, हेही खरे. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात उतरत आले आणि जलपर्णी, तिकडची जलकुंभी, माजली. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र इथेच थांबावे.

२ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाला आपल्या शाळा फ्लेमिंगो रंगवतात. नांदूर मध्यमेश्वरला सहल नेता आली तर उत्तमच. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. पण अनुकूलन शिकवायला गावातले घाण तळे कमी पडत नाही, उलट थोडे सरसच ठरते, कारण तिथे कोण टिकले आणि कोण गेले हे उघड दिसते. तळाच्या गाळातल्या लालभडक अळ्या पाहा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्यांचे भागते.

तरी आमची पसंती जलपर्णीलाच. मोकळ्या पाण्यातल्या रोपाचा देठ फुगीर असतो. तो आडवा कापला की आतली हवेची जाळी दिसते, पाण्याखाली दाबला की बुडबुडे येतात. दाटीतल्या रोपाचा देठ मात्र लांबसडक आणि सडपातळ. शेजारी आधाराला असतात, ओढ असते ती उजेडाची. वर्गात विचारा, या दोन जाती आहेत का? बहुतेक मुले हो म्हणतील. मग दाटीतले एक रोप पसरट टबात, उन्हात, एकटे ठेवा. जुने देठ तसेच राहतील, पण काही आठवड्यांत येणारी नवी पाने फुगीर देठाची असतील.

इथे आपली नेहमीची भाषा अडचणीत येते. ‘तरंगायचे होते म्हणून देठ फुगला’ असे आपण सर्रास सांगून मोकळे होतो. टबातल्या रोपाने आयुष्यात बदलले ते रूप. तसे बदलता येण्याची क्षमता पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेली. मुलांच्या डोक्यात या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि खरे सांगायचे तर ती आपणच करून देतो. शिवाय ही क्षमता झाशीसाठी घडलेलीच नाही. वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. इथे तिला सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद आयते मिळाले. ‘परिस्थितीशी जुळवून घेतले’ एवढ्यावर उत्तर संपवणाऱ्या मुलाला विचारा: कुठल्या परिस्थितीशी, आणि कधी?

रोपे मोठ्या माणसाने, हातमोजे घालून काढावीत. सांडपाण्याच्या तळ्यात मुलांना उतरवू नये. प्रयोग आटोपला की रोपे उन्हात कडकडीत वाळवा. शाळेमागच्या ओढ्यात टाकू नका, एका फुटव्यावरही ओढा भरू शकतो.