35 डॉलरचा संगणक आणि आपला रुपया

29 फेब्रुवारी 2012 रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक 35 डॉलरला विक्रीस आला. मुलांनी स्वस्तात प्रोग्रामिंग शिकावे, यंत्राला हात लावावा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण हा संगणक रत्नागिरीजवळच्या मिरजोळे येथील एखाद्या कामगाराच्या घरी पोहोचेपर्यंत त्याची किंमत काय होते, हे कोण सांगणार?

हिशेब साधा आहे. 2012 च्या त्या दिवसांत डॉलर सुमारे 49 रुपयांना होता, म्हणजे 35 डॉलरचे 1,715 रुपये. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. तेच 35 डॉलर तेव्हा 3,150 रुपये झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 3,717. यात मेमरी कार्ड नाही, पॉवर अडॅप्टर नाही, कुरिअर नाही, मधल्या व्यापाऱ्याचा नफा नाही. वस्तू तीच, पण रुपया घसरला की भुर्दंड कोणाला? डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला नव्हे, रोजावर जगणाऱ्याला. रुपयाचे मूल्य हा गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, हे ओळखूनच बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या समस्येवर ग्रंथ लिहिला.

मुंबईच्या मुलाला लॅमिंग्टन रोड आहे. सुटा भाग जळला तर तो संध्याकाळी जाऊन दुसरा आणतो. मिरजोळ्याच्या मुलाने तीस रुपयांचा सेन्सर मागवला तर कुरिअर वस्तूहून महाग पडते. मुंबईला जायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटर आणि घरातल्याचा एक रोज बुडतो. म्हणून तो चूक करायलाच घाबरतो. आणि जो चूक करू शकत नाही, तो यंत्र शिकणार कसा? खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणबुडीने बुडवले. भरपाईचे पैसे मिळाले, ग्रंथ मिळाले नाहीत. दुरून साधन आणणाऱ्याची जोखीम आपल्या समाजाला नवी नाही.

मात्र कायदा आपल्या बाजूने काही प्रमाणात आहे, तो वापरा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत, कर व पोहोच खर्चाच्या फोडीसह दाखवली पाहिजे. बिघडलेला माल आला तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. विक्रेता दिल्लीचा असला तरी रत्नागिरीच्या जिल्हा आयोगापुढे त्याला यावे लागेल. परदेशातून थेट मागवलेल्या मालाची वसुली मात्र अवघड, म्हणून पावती देणाऱ्या देशी विक्रेत्याकडूनच घ्या.

पण एकेकट्याने लढून भागणार नाही. संविधानाचे कलम 46 अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हितासाठी विशेष काळजी घेण्यास शासनाला सांगते. अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात संगणक-जोडणीचे टेबल आणि सुट्या भागांची पेटी का असू नये? शासनाने घाऊक खरेदी केली तर कुरिअरचा बोजा वाटला जाईल, आणि जळालेल्या भागासाठी कोणत्याही आईला मंगळसूत्र गहाण ठेवावे लागणार नाही.

तोवर प्रत्येक बुद्धविहारात एक सामाईक पेटी ठेवा. दहा घरांनी मिळून एकदाच माल मागवा. ही मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, लेखी पोच घ्या. आपली मुले केवळ मोबाईल विकत घेणारी होणार की यंत्र घडवणारी, हे आपणच ठरवायचे आहे.

जयभीम!