ओले हात

मागच्या श्रावणात ताईकडे मंगळागौर होती. फुगड्या सुरू झाल्या आणि नववीतली भाची हळूच स्वयंपाकघरात सटकली. मागोमाग गेले तर म्हणाली, "मावशी, माझे हात निसटतात गं. सगळ्या ईऽऽ करतात."

मला एकदम माझी दहावीची परीक्षा आठवली. तळहाताखाली रुमाल, तरी उत्तरपत्रिकेवर शाई फुटलेलीच. घरात सगळे म्हणायचे, "घाबरट आहे झालं!" मलाही ते खरंच वाटायचं. बाबांच्या खिशात कायम दोन रुमाल असायचे, पण त्याचा अर्थ कुणीच लावला नाही.

"घामाने कुणी मरत नाही," ताई म्हणाली. खरंय. पण मुलगी फुगडीतून उठून जाते, हे काय कमी आहे?

शेवटी मीच हट्टाने तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी तपासण्यांची यादी दिली नाही, नुसते प्रश्न विचारले. कधीपासून? दोन्ही हातांना सारखा? झोपेत येतो? घरात आणखी कुणाला? लहानपणापासून, दोन्हीकडे सारखा, झोपेत बंद आणि घराण्यात चालत आलेला असेल, तर तो बहुधा हायपरहायड्रोसिस, म्हणजे मूळचाच अतिघाम. घामाच्या ग्रंथी ठीक असतात, त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसा जरा जास्तच उत्साही! मात्र मोठेपणी अचानक सुरू झालेला, अंगभर येणारा, रात्री कपडे भिजवणारा घाम वेगळा. सोबत ताप असेल, वजन उतरत असेल तर थायरॉईड, क्षयरोग, चालू असलेली औषधं, सगळं बघावं लागतं.

उपचार पायरीपायरीने. आधी रात्री कोरड्या हातांना ॲल्युमिनियम क्लोराईडचं द्रावण लावायचं, सकाळी धुवायचं. नाही भागलं तर आयन्टोफोरेसिस, म्हणजे साध्या पाण्यात हात बुडवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात. गोळ्याही आहेत, पण तोंडाला कोरड पडते. बोटॉक्सला अमेरिकेत २००४ साली काखेतल्या घामासाठी मान्यता मिळाली. तळहातावरही देतात, पण सुया दुखतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. शस्त्रक्रियेने हात कोरडे होतात, पण अनेकांना मग पाठीपोटावर घाम फुटतो आणि ते परत फिरवता येईलच असं नाही. म्हणून ती अगदी शेवटची पायरी.

माझं म्हणणं एवढंच, की घाम येणाऱ्या मुलांना "घाबरू नकोस" म्हणणं बंद करूया. ती घाबरतात म्हणून घाम येत नाही, घाम येतो म्हणून ती घाबरतात. हा उलटा हिशोब समजायला मला तीस वर्षं लागली.

भाची रोज रात्री द्रावण लावते. थोडी चुरचुर होते, थोडा फरक आहे. मीही लावायला लागलेय! बाबांना मात्र त्या दोन रुमालांबद्दल कधी विचारलंच नाही. आता ते नाहीत.

असो. तुमच्या घरी कुणाच्या खिशात दोन रुमाल असतील, तर एकदा विचारून बघा.