शिदोरी आमच्याकडे होतीच, प्रश्न पाण्याचा आहे

प्रवासात स्वस्तात कसं खावं, यावर सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. घरून डबा न्या, फुटाणे-गूळ जवळ ठेवा, हॉटेल टाळा. सल्ला वाईट नाही. पण तो आम्हाला देऊ नका. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधूनच आमच्या पिढ्या दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला गेल्या. या शिदोरीमागे गरिबी होतीच, पण हॉटेलात बाहेर ठेवलेला वेगळा कपही होता. त्या सक्तीला आज कुणी 'काटकसरीची संस्कृती' म्हणत असेल, तर आम्ही ते ऐकून घेणार नाही.

1901 साली लहानगा भीमराव घरातल्या मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने पुढे जायचं होतं. सोबत खाण्याचे डबे भरलेले होते, तरीही मुलं रात्री उपाशी झोपली. कारण एकच : महाराच्या पोरांना पाणी कोण देणार? बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे.

यातून आम्ही काय शिकायचं? डबा तुमचा असतो, पण पाणी, बसायची जागा आणि गरम घासाची सोय सार्वजनिक असावी लागते. म्हणूनच 1923 चा बोले ठराव आणि 1927 चा महाडचा संगर पाण्यासाठी होता. म्हणूनच छत्रपती शाहू महाराज कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम चहा प्यायले. आणि म्हणूनच संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी आणि तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. वाटेवर माणसासारखं खाता-पिता येणं हा हक्क आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

आज जनरल डब्यातून स्पर्धा परीक्षेला निघालेल्या पोराला कुणी उघडपणे जात विचारत नसेल. पण स्टेशनवरचा नळ कोरडा असला की त्याला बाटली विकतच घ्यावी लागते. पैसा नसलेल्याला पाणी नाही, हा नवा पहारा आहे. सरकारने 26 जानेवारी 2020 पासून 10 रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. योजना चांगली आहे, पण ती दुपारची. रात्री गाडीतून उतरून पहाटे परीक्षा केंद्र शोधणाऱ्याने काय करायचं? तो वडापाववर दोन दिवस काढतो आणि पोट बिघडवून पेपरला बसतो. स्टेशन आणि एसटी स्टँडजवळची केंद्रं रात्रीही चालली पाहिजेत, ही आपली मागणी असली पाहिजे.

6 डिसेंबरला 'फुकट खायला येतात' म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न. वारीतलं अन्नदान पुण्य आणि दादरचं अन्नदान फुकटेगिरी, हा हिशेब कोणत्या वहीत लिहिला आहे?

आता थोडं आपल्याच घरात बघू. अभिवादनाच्या दिवशी आपले स्टॉल लागतात, त्यावर नेत्यांचे फ्लेक्स झळकतात. पण जानेवारीत परीक्षेला किंवा मुलाखतीला तोच तरुण एकटा शहरात येतो, तेव्हा कुणीच नसतं. शहरात आपली विहारं आहेत, अनेकदा आठवडाभर कुलूपबंद. तिथे पिण्याचं पाणी, बसायला सतरंजी, डबा गरम करायला शेगडी आणि खर्चाच्या भावात खिचडी ठेवायला कोणत्या सरकारची परवानगी लागते? आणि ही सोय जात न विचारता सर्वांसाठी खुली असावी. नाहीतर महाडच्या तळ्याचा अर्थ आपल्याला कळलाच नाही.

हार-फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' हे आवाहन समाजाने उचललं. आता एका फ्लेक्सच्या पैशात एक शेगडी आणि एक पिंप घ्या. विहाराचं कुलूप काढा आणि दारावर पाटी लावा : इथे पाणी आहे, बसा, जेवा.

जय भीम!