ठिबक एका ठिकाणी, उगम दुसऱ्या ठिकाणी

मागील लेखात शिवणयंत्राच्या तेलपाण्याविषयी चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्यावर इटारसीच्या एका वाचक भगिनींनी विचारले की, यंत्राला तेल घालावे हे पटले. परंतु आमच्या जुन्या मोटारीत घातलेले तेल अंगणात येऊन पडते, त्याचे काय करावे? प्रश्न वाचून मला हसू मात्र आले नाही. ते पत्र हाती आले त्या दिवशी करोंदच्या आमच्या घराच्या दारातच मोटारीखाली पुठ्ठा अंथरलेला होता.

मोटार मारुती ८००, १९९७ सालची. अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. अण्णा आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. दर पंधरवड्याला त्यांना रुग्णालयात न्यावे लागते. रिक्षाच्या पायरीवर त्यांचा गुडघा चढत नाही. मोटारीच्या बुटक्या आसनावर मात्र ते आधी टेकतात आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतात. धाकट्या मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत नवीन मोटारीचे नाव काढण्याची माझी ऐपत नाही. तेव्हा ही मोटार आमच्याकडे हौस म्हणून उरलेली नसून गरज म्हणून उरली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात अंगणातील फरशीवर काळा डाग दिसू लागला. दिवाळीपर्यंत तो ताटाएवढा झाला, आणि चढावर मोटार नेली की जळक्या तेलाचा वास येऊ लागला. मी एका मोठ्या गॅरेजात गेलो. तेथील तरुणाने मोटार जॅकवर चढविली, इंजिन व गियरबॉक्स जेथे जोडलेले असतात त्या सांध्याखाली बोट फिरविले, ते काळे झालेले मला दाखविले आणि निकाल दिला, "क्रँक की पिछली सील गई, मास्साब. गियरबॉक्स उतरेगा." खर्च अकरा हजार. वर, एवढा खर्च या गाडीवर करण्यापेक्षा ती भंगारात काढा, असा सल्ला फुकट. घरी येऊन मी हिशेब मांडला. नोंदणीची मुदत २०२७ साली पुन्हा संपते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलात सहाशेवरून पाच हजार झाले. वीस वर्षे उलटलेल्या मोटारीस ते २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार आहे. हिशेब भंगाराच्या बाजूनेच झुकत होता. अण्णा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी मोटारीची कागदपत्रे असलेली पिशवी स्वतःच्या कपाटातून काढून माझ्या मेजावर आणून ठेवली, एवढेच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना करोंद चौराह्यापुढे बैरसिया मार्गावरील एका वृद्ध मिस्त्रींकडे थांबलो. उपकरणांचा थाट नाही. एक टिनाची शेड, एक पत्र्याचा डबा, आणि हात. त्यांनी मोटारीखाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. म्हणाले, "मास्साब, पहले इसे नहलाओ. मैली गाड़ी में तेल का घर कौन बता सकता है? और देखना ऊपर से शुरू करना. तेल नीचे से ऊपर थोड़ी चढ़ता है."

या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. तेल जेथे ठिबकते तेथे ते बहुधा निर्माण झालेले नसते. ते वरून ओघळते, एखाद्या कडेने सरकते, पंख्याच्या आणि वेगाच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि अखेर जी जागा सर्वांत खालची असेल तेथून पडते. माझ्या चाळीसेक मिनिटांच्या तासांत मी किती वेळा खिडकीजवळ बसलेल्या मुलालाच काच फोडल्याबद्दल उभे केले असेल, असा एक नको असलेला विचार या वेळी मनात येऊन गेला. असो.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. पाझरणे, ओघळणे, ठिबकणे आणि धार लागणे ही चार निरनिराळी दुखणी आहेत. जुन्या इंजिनाच्या सांध्यांवर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर धूळ, हा केवळ पाझर. मिस्त्री त्याला 'पसीना' म्हणतात आणि त्याची चिंता करीत नाहीत. ओघळ दिसू लागला की शोध घ्यावा. रोज ठिबकत असेल तर उपाय करावा. धार असेल तर मोटार जागची हलवू नये. काही जुन्या इंजिनांत तर थोडी ठिबक जन्मजातच असे. अॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सी.सी.चे इंजिन ब्रिटिश घडणीचे. त्याच्या मागील टोकाला रबरी सील नसून फिरत्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे कोरलेले असत व ते तेलाला परत आत लोटीत. इंजिन थांबले की लोटणारा कोणी नाही! ज्यांच्या घरी ती गाडी होती त्यांना दारातील तो डाग आठवत असेल. मारुतीला मात्र ही सबब नाही.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही स्नान घातले. डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटर आणि तारांचे सांधे प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधले. आमच्या करोंदला मंडी जवळ. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की भुशाची आणि मातीची धूळ घराघरांत शिरते, ती तेलावर बसून इंजिनावर खापरीसारखा थर झाला होता. थोडे डिझेल, दाढीचा जुना ब्रश, मग साबणाचे पाणी आणि शेवटी कोरडे फडके. डिझेल पुरते पुसून वाळल्याखेरीज किल्ली फिरवू नये, आणि आसपास विडी-काडी नसावी. नंतर सौ.च्या डब्यातील टाल्कम पावडर सांध्यांवर भुरभुरविली. (या प्रयोगास तिची संमती नव्हती, हे नमूद करतो.) मोटार दहा मैल चालवून आणली, सपाट जागी उभी केली, आणि खाली पुठ्ठा घालून चाकांच्या जागा खडूने आखल्या, म्हणजे कोणता थेंब कोणाचा हे नंतर सांगता येते.

येथे एक सांगणे जरूर आहे. पडलेला प्रत्येक थेंब इंजिनातील तेलाचा नसतो. इंजिनाचे तेल वापराने तपकिरी-काळे होते. गियरबॉक्सचे तेल अधिक दाट असून त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. रेडिएटरचे पाणी रंगीत आणि बोटांना निसरडे लागते. चाकाच्या आतील अंगाला पातळ, पिवळसर थेंब दिसला तर तो ब्रेकचा समजावा, आणि अशी मोटार रस्त्यावर काढू नये.

सायंकाळी मिस्त्री स्वतः आले. बॅटरी आणि दाढीचा लहान आरसा घेऊन त्यांनी वरून खाली पाहिले. पावडर दोन ठिकाणी ओली झाली होती. इंजिनाच्या माथ्यावरील झाकण, ज्याला सारे मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या एका कोपऱ्यातून एक ओघळ धुराच्या तापलेल्या नळीकडे गेला होता. जळका वास त्याचा. हाच ओघळ सर्वांत धोक्याचा. त्या नळीवर पुरेसे तेल साचले तर आग लागू शकते. दुसरा ओघळ डिस्ट्रिब्यूटरच्या बुडातून निघाला होता. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर सिलिंडर हेडच्या गियरबॉक्सकडील टोकाला बसविलेला आहे. त्याचे रबरी कडे कठीण झाले की तेल सरळ खाली उतरून नेमके त्या सांध्यावर येते, जेथे गॅरेजातील तरुणाचे बोट काळे झाले होते. मागची सील निर्दोष होती. तिच्यावर आरोप शेजाऱ्यामुळे आला होता.

मग मिस्त्रींनी टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी उपसली आणि तोंडाने फुंकून पाहिली. वारा जाईना. आत काळा लगदा दाटला होता. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच इंजिनाच्या पोटात उतरतो, आणि इंजिन जितके झिजलेले तितका अधिक. त्याला बाहेर पडण्यासाठी ही नळी. ती तुंबली की पोटात दाब साचतो आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल त्यातून तेलाला बाहेर रेटतो. अशा वेळी नुसते पॅकिंग बदलून उपयोग नाही. महिन्याभरात दुसरा सांधा वाहू लागतो.

त्यानंतर त्यांनी डिपस्टिक काढली, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा डिपस्टिककडे पाहिले. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर होते. गळतीच्या धास्तीने मी दर रविवारी थोडे थोडे ओतीत आलो होतो, आणि तेही मोटार उतारावर उभी असताना मोजून! तेल जास्त झाले की क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि सांध्यांवरचा भार वाढतो. अकरा हजारांचा निकाल देणाऱ्या तरुणावर मी मनातल्या मनात जे ताशेरे ओढले होते, त्यांतले निम्मे मागे घेणे भाग पडले. तेल मोजावे ते सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, आणि ते दोन खुणांच्या मध्ये असावे.

दुरुस्ती दीड तासाची. झाकणाचे नवे पॅकिंग, डिस्ट्रिब्यूटरचे कडे, नवी नळी, आणि जादा तेल काढून टाकणे. बसण्याची जागा जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून स्वच्छ केली. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. गळते म्हणून अधिक आवळणे ही आपली सहजप्रवृत्ती, पण त्याने पत्रा वाकतो आणि गळती कायमची होते. बाजारात बाटलीत मिळणारे 'गळतीनाशक' द्रव घालू का, असे मी विचारले, तेव्हा मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. एकूण खर्च सातशे वीस रुपये. काढलेले तेल डब्यात भरून ते जुने तेल गोळा करणाऱ्याकडे पाठविले. नालीत ओतले नाही. १९८४ च्या त्या कारखान्याच्या आसपास भूगर्भातील पाणी कसे नासले, हे आमच्या या भागातील माणसास निराळे सांगावे लागत नाही.

इटारसीच्या भगिनींसाठी आणखी एक सूचना. समोरच्या पट्टीवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा असतो. तो तेल कमी झाल्याची आगाऊ वर्दी देणारा नव्हे. तेलाचा दाब पडल्याचा आहे. चालत्या मोटारीत तो लागला तर घर जवळ आले म्हणून पुढे जाऊ नये. त्याच जागी कडेला थांबून इंजिन बंद करावे. दिवा लागण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहावी.

पुठ्ठा अजून अंथरतो. पहिल्या आठ दिवसांत एका रुपयाएवढा एक डाग पडला, तो मिस्त्रींना दाखविला, तर म्हणाले, "इतना तो पसीना है, इस उमर में आएगा ही." अण्णा रोज सकाळी काठी टेकीत बाहेर येतात, पुठ्ठ्याकडे वाकून पाहतात आणि डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालतात. कागदपत्रांची पिशवी परत त्यांच्या कपाटात गेली आहे.