जेवणाची वेळ ठरली, आता जागाही ठरवा

प्रति,
सामान्य प्रशासन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास जेवणाची सुट्टी, असे आपण सरकारी कर्मचाऱ्यांना जून २०१९ मध्ये बजावले. फेब्रुवारी २०२० अखेर पाच दिवसांचा आठवडा आला, कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, तेव्हाही हा अर्धा तास कायम राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लांबच्या गावाहून एसटीने आलेला माणूस बारा-साडेबाराला आमच्या कचेरीच्या दारात पोचतो आणि त्याला परतीची गाडी गाठायची असते. टेबल तासभर रिकामे राहिले की त्याचा दिवस जातो, मजुरीही बुडते.

पण हा अर्धा तास बसायचे कुठे? मी ज्या ज्या कचेऱ्यांत काम केले, तिथे कुठेही जेवायला खोली नव्हती. फायली बाजूला सरकवायच्या, वर्तमानपत्र अंथरायचे आणि टेबलावरच डबा उघडायचा. समोर अर्जदार उभा असतो. त्याच्या देखत घास घशाखाली उतरत नाही. ‘थोडं थांबा’ म्हणावे, तर त्याला वाटते हे टाळताहेत. मग डबा झाकून त्याचे काम हाती घ्यायचे, तोवर अर्धा तास संपलेला असतो. काही जणी रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांच्या धुळीत बसून जेवतात. हात धुवायला स्वच्छतागृहातले एकच बेसिन, आणि दुपारी नळाला पाणी असेलच असे नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, सकाळी भरलेली पातळ भाजी दुपारपर्यंत आंबते. म्हणून उन्हाळाभर बहुतेकांच्या डब्यात पोळी, सुकी भाजी आणि ठेचाच असतो.

कपड्यांचेही असेच आहे. डिसेंबर २०२०च्या परिपत्रकात आपण पेहराव नीटनेटका असावा म्हटले, टी-शर्ट, जीन्स नको, शुक्रवारी खादी वापरा म्हटले. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही ते लागू केले. जीन्सवरची बंदी मात्र काही महिन्यांत मागे घेतली. सांगितलेले आपण ऐकता, हे त्यातून दिसले, म्हणूनच लिहिते आहे. नीटनेटके दिसावे हे मलाही मान्य आहे, समोरच्या माणसाचा तो मान आहे. पण गर्दीच्या एसटीत उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईने चुरगळलेली साडी सारखी कुठे करायची? पावसात भिजलेल्याने शर्ट कुठे बदलायचा? आरसा नाही, भिंतीला खुंटी नाही, कडी लावता येईल असे दार नाही.

दुकाने व आस्थापनांसाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा केला. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह हवे, असे त्यात आहे. सरकारी कचेऱ्यांना तो लागू नाही, आणि तालुक्याच्या कचेरीत शंभर माणसे नसतातही. मंत्रालयात कॅन्टीन आहे. आम्ही कॅन्टीन मागत नाही.

मागणी एका खोलीची आहे. लांब टेबल, बाके, वेगळे बेसिन, डबे ठेवायला जाळीचे कपाट. शेजारी आतून बंद होणारी छोटी जागा, तिथे आरसा आणि खुंट्या. कंत्राटी संगणकचालक आणि शिपाई यांनाही तिथे बसण्याचा तेवढाच हक्क असावा. हे लेखी असावे, कारण लिहिले नाही तर त्यांना कोणी बसू देत नाही. आणि प्रत्येक शाखेच्या दारावर पाटी हवी: कोणाची जेवणाची वेळ कोणती आणि तेवढ्या वेळात त्यांचे काम कोण पाहणार. मग अर्जदाराला ताटकळावे लागणार नाही.

जुन्या इमारतींत जागा काढणे अवघड आहे, मला ठाऊक आहे. तिथे व्हरांड्याचा एक कोपरा बंदिस्त केला तरी चालेल. नव्या प्रशासकीय इमारतींचे नकाशे मात्र अजून कागदावर आहेत. त्यांत ही खोली दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये, एवढे पत्र आपण सार्वजनिक बांधकाम विभागाला या आर्थिक वर्षातच पाठवावे.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या कचेरीतील एक लिपिक