बूच : हलकें, पण हलक्या मोलाचें नव्हे

स्वस्त वस्तूला मोल नसतें, अशी आपली समजूत झालेली आहे. बाटलीचें बूच हरवलें तर कागदाचा बोळा कोंबावा आणि सांपडलें तर केरांत टाकावें, इतकीच त्याची किंमत! माझ्या मतें ही समजूत चुकीची आहे.

रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बुचाच्या पातळ कापाचें सूक्ष्मदर्शकांतून दिसलेलें रूप वर्णिलें आणि त्यांतील इवल्याशा कप्प्यांना 'सेल' हें नांव दिलें. त्यालाच आपण पेशी म्हणतों. या बंद कप्प्यांत हवा कोंडलेली असते; म्हणून बूच पाण्याच्या सुमारें चौथाई वजनाचें असतें व तरंगतें. कप्प्यांच्या भिंतींत मेणासारखें द्रव्य असल्यानें त्यांत पाणी सहसा शिरत नाहीं. दाबल्यास तें दबतें, सोडल्यास फुगतें. म्हणून बाटलीची मान गच्च धरतें. उष्णता त्यांतून सावकाश जाते, म्हणून तापल्या भांड्याखालीं तें ठेवितात. क्रिकेटच्या चेंडूच्या गाभ्यांत व बॅडमिंटनच्या फुलाच्या बुडाशींहि बूचच असतें.

हें बूच म्हणजे ओक जातीच्या एका वृक्षाची साल. पोर्तुगाल व स्पेन हे त्याचे मुख्य देश. झाड सुमारें २५ वर्षांचें झाल्यावर पहिली साल काढतात. पुढें साधारण दर ९ वर्षांनीं. आंतला जिवंत थर न दुखवितां साल काढल्यामुळें झाड मरत नाहीं. बाटलीच्या बुचास योग्य अशी साल बहुधा तिसऱ्या खेपेस मिळते. म्हणजे बापानें लावावें आणि मुलानें काढावें!

आपल्याकडील बुचाचें झाड, म्हणजे आकाशनिंब, याहून निराळें. मूळचें तें ब्रह्मदेशाकडील. पावसाळा सरतां त्याच्या लांब देठांच्या शुभ्र, सुवासिक फुलांचा सडा पडतो. सालीवरून त्याला हें नांव मिळालें, तरी ती साल हलक्या प्रतीची असते. तेव्हां विद्यार्थ्यांनीं ती ओरबाडूं नये. बूच मिळणार नाहीं, झाडाला मात्र जखम होईल.

प्लॅस्टिक व थर्मोकोल स्वस्त असतां बूच कशाला, असें कोणी विचारील. औषधाच्या बाटलीला मळसूत्री झांकणच योग्य, हें मला मान्य आहे. तेथें बुचाचा हट्ट नको. परंतु स्वस्ताई दुकानांतच मोजून भागत नाहीं. १८९१ सालीं बांधून पुरा झालेला आपला पवईचा तलाव पाहा. थर्मोकोलचा तुकडा पाण्यांत पडला कीं त्याचा भुगा होतो, पण तो कुजत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, ती उगीच नव्हे. तलावाकांठीं गळ टाकणाऱ्यानें दोरीला बुचाचा तुकडा बांधला, तर तो तुटून गेला तरी झाडाचाच अंश पाण्यांत जाईल.

म्हणून पालकांनीं घरांतील जुनीं बुचें फेकूं नयेत आणि मुलांनीं वस्तु घेतांना एक प्रश्न अवश्य विचारावा: ही आली कोठून आणि काम संपल्यावर जाणार कोठें? ज्या वस्तूला या दोन्ही प्रश्नांचें सरळ उत्तर देतां येतें, ती वजनानें कितीहि हलकी असो, तिला हलकी म्हणूं नये.