देशांच्या कर्जाला दामदुपट नाही

दामदुपट हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही, म्हणून तरुण वाचकांसाठी आधी त्याचा अर्थ सांगतो. सावकाराने शंभर रुपये दिले, कुळाला ते फेडता आले नाहीत आणि व्याज चढत गेले, तरी एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. हा नियम जुन्या स्मृतिग्रंथांत आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही मुद्दलाहून अधिक व्याज घेण्याला बंदी आहे. सावकार कितीही कडक असो आणि कूळ कितीही बेफिकीर असो, कुठेतरी एक रेघ ओढलेली आहे.

आज मला लिहायचे आहे ते मात्र गावच्या सावकारीबद्दल नाही. एखादा गरीब देश दुसऱ्या देशांकडून, बँकांकडून, नाणेनिधीकडून कर्ज काढतो तेव्हा ही रेघ कोण ओढते? माझ्या समजुतीप्रमाणे कोणीच ओढत नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी कर्ज काढले त्यांना नव्हे, तर त्या देशातल्या मुलाबाळांना मोजावी लागते. मोघम बोलण्यापेक्षा एकाच देशाची हकिगत सांगतो. तो देश म्हणजे झांबिया.

शाळेत भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा लावला की मी झांबियावर पट्टी टेकवून म्हणत असे, "समुद्र नाही, तांबे आहे." या चार शब्दांत त्या देशाचे अर्धे अर्थशास्त्र येते. १९६४ साली तो इंग्रजांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला, तेव्हा परदेशातून मिळणारा जवळजवळ सगळा पैसा तांब्याचा होता. तांब्याला भाव होता तोवर शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, रस्ते झाले. मग १९७३ साली तेल महागले आणि १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. येणे आटले आणि देणे वाढले.

अशा वेळी शहाण्याने खर्च आवरावा असे आपण म्हणू. पण त्या वेळी सर्वांचाच समज असा होता की भाव आज ना उद्या वर येईल. तेल विकणाऱ्या देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत येऊन पडला होता आणि बँका गिऱ्हाईक शोधत होत्या. कर्ज सहज मिळत होते, ते झांबियाने काढले. भाव काही वर आला नाही. उलट १९८० च्या आगेमागे अमेरिकेने महागाई आवरण्यासाठी व्याजाचे दर भलतेच वाढवले आणि जगभरचे कर्ज महागले. जुने फेडायला नवे काढणे सुरू झाले.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मागेल त्याला कर्ज दिले. युद्ध संपले, भाव उतरला, सावकाराने हात आखडता घेतला आणि तगादा लावला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. माल एकच, भाव ठरवणारे परके, आणि चांगल्या दिवसांच्या भरवशावर दिलेले कर्ज. तीच गोष्ट शंभर वर्षांनी आफ्रिकेत घडली.

झांबियाच्या मदतीला नाणेनिधी आला, पण अटी घालून. चलनाचे अवमूल्यन करा, सरकारी खर्च कमी करा, अन्नावरचे अनुदान काढा. तिथे मक्याच्या पिठाचा न्शिमा हे रोजचे जेवण. आपल्याकडे भाकरी तशी तिकडे न्शिमा. डिसेंबर १९८६ मध्ये पिठाचा भाव एकदम वाढला आणि तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात दंगली पेटल्या. माणसे मेली, सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली. मे १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी नाणेनिधीशी फारकत घेतली आणि जाहीर केले की निर्यातीच्या निव्वळ उत्पन्नातला दहा टक्केच भाग कर्जफेडीला देऊ. मला यात एका कुटुंबप्रमुखाचे बोलणे ऐकू येते: देणे नाकारत नाही, पण आधी घरात जेवण. बाहेरची मदत आटली आणि १९८९ पर्यंत कौंडांना पुन्हा त्याच दारात जावे लागले. पिठाचे भाव पुन्हा वाढले, १९९० साली पुन्हा दंगल झाली आणि १९९१ च्या निवडणुकीत कौंडा पडले.

त्यानंतरच्या दशकात सरकारी दवाखान्यांत फी आली, शाळांत फी आली. हेच दशक एड्सच्या साथीचे. आजार वाढत असताना दवाखान्याच्या दारात पैसे मागणे याला धोरण म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

पुढचा भाग आशेचा आहे. फेडता न येणारी कर्जे माफ करावीत म्हणून जगभर चळवळ झाली. जागतिक बँक आणि नाणेनिधीने १९९६ मध्ये अतिगरीब कर्जबाजारी देशांसाठी योजना काढली, आणि २००५ मध्ये श्रीमंत देशांनी तिला मोठी जोड दिली. झांबियाचे सुमारे सात अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज २००६ पर्यंत एक अब्जाच्याही खाली आले. आणि १ एप्रिल २००६ पासून ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांची फी रद्द झाली. कर्जमाफीने काय होते असे विचारणाऱ्याला मी ही तारीख सांगतो.

पण सावकारीच्या वह्यांत काही पाने सुटून राहतात. रुमानियाने १९७९ साली झांबियाला ट्रॅक्टर वगैरे शेतीची यंत्रे उधारीवर दिली होती. १९९९ पर्यंत ती उधारी व्याजासह सुमारे तीन कोटी डॉलर झाली. डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने हे थकलेले कर्ज रुमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतले आणि नंतर लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास दावा लावला. एप्रिल २००७ मध्ये निकाल लागला. कंपनीची सगळी मागणी मान्य झाली नाही, तरी सुमारे दीड कोटी डॉलर द्यावेत असे ठरले. जिने ट्रॅक्टर दिले नाहीत, ज्यात एक खिळाही तिचा नव्हता, त्या कंपनीला घातलेल्या पैशाच्या चौपटीहून जास्त मिळण्याचा हक्क लाभला. तोही इतरांनी कर्ज सोडून दिल्यामुळे देशाच्या हातात जे थोडे शिल्लक राहिले होते त्यातून. अशा कंपन्यांना गिधाड फंड म्हणतात. मला हे नाव गिधाडांवर अन्याय करणारे वाटते. गिधाड मेलेल्यावर बसते.

या प्रकरणाने इंग्लंडमध्येही लोकांना लाज वाटली असावी. २०१० मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की कर्जमाफीच्या योजनेत आलेल्या देशांच्या जुन्या कर्जांवर, योजनेनुसार जेवढे मिळाले असते त्याहून जास्त कोणालाही इंग्लंडच्या न्यायालयांतून वसूल करता येणार नाही. म्हणजे एका परीने दामदुपटच. रेघ ओढता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. पण ती जुन्या कर्जांपुरती. नव्या कर्जांचे काय?

नवी कर्जे लगेच आली. तांबे पुन्हा वर गेले होते, वही कोरी होती, पत सुधारली होती. झांबियाने २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये परदेशी बाजारात एकूण तीन अब्ज डॉलरचे कर्जरोखे विकले. पहिल्यांदा साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज, तिसऱ्यांदा नऊच्या जवळ. शिवाय चीनकडून रस्ते, विमानतळ, वीज यांसाठी मोठी कर्जे घेतली. यात झांबियाच्या राज्यकर्त्यांचा दोष नाही असे मी म्हणणार नाही. पेलणार नाही एवढे कर्ज त्यांनी काढले, आणि पुष्कळ कामांना नको तेवढा खर्च झाला. तांबे पुन्हा उतरले, पाऊस दगा देऊ लागला, शेवटी कोरोना आला. नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि झांबिया थकबाकीदार ठरला.

आता मुद्द्याचे. एखादा व्यापारी बुडाला तर तो न्यायालयात नादारीचा अर्ज करतो. न्यायाधीश सगळ्या धनकोंना एकत्र बोलावतो, जे आहे ते वाटून देतो आणि माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी पुन्हा उभे राहू देतो. देशांसाठी असे न्यायालय नाही. नाणेनिधीतल्याच अ‍ॅन क्रूगर यांनी २००१ मध्ये अशी व्यवस्था सुचवली होती, पण अमेरिकेच्या विरोधामुळे २००३ मध्ये ती बासनात गेली. म्हणून झांबियाला दारोदार फिरावे लागले. नाणेनिधी म्हणे, आधी धनको तयार होऊ देत. धनको म्हणत, आधी तो दुसरा किती सोडतो ते बघू. चीन रोखेधारकांकडे बघणार, रोखेधारक चीनकडे. सरकारी धनकोंशी समझोता जून २०२३ मध्ये झाला आणि रोखेधारकांशी जून २०२४ मध्ये. साडेतीन वर्षे! पहिलीत गेलेले मूल तोवर चौथी ओलांडते. मधल्या काळात नवे कर्ज मिळणे मुश्कील, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर भीषण दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

याच अडचणीच्या दिवसांत त्या सरकारने २०२२ पासून सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत केले आणि एका वर्षात सुमारे ३० हजार शिक्षक नेमले. वर्ग मुलांनी भरून गेले. आयुष्य फळ्यासमोर गेलेल्या माणसाला अशा बातमीचे मोल निराळे वाटते. मोफत शिक्षण म्हटले की मुले येतात, याचा अर्थ एवढाच की ती आधीपासूनच दाराबाहेर उभी होती. त्यांना कोणी विचारले नव्हते की नऊ टक्क्यांनी कर्ज काढू का.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की माफीने कर्ज बुडवायची सवय लागते. तो मी हसण्यावारी नेत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. दामदुपट म्हणजे माफी नव्हे. मुद्दल बुडत नाही, त्यावर मुद्दलाइतके व्याजही मिळू शकते. हाव तेवढी थांबते. दुसरे म्हणजे, श्रीमंत देशांना दोन-तीन टक्क्यांनी मिळणारा पैसा झांबियाला नऊ टक्क्यांनी मिळाला तो कशासाठी? पैसे बुडण्याचा धोका आहे म्हणून. धोक्याचे व्याज घ्यायचे आणि धोका आला की सगळा भार कुळावर टाकायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत. ज्याने डोळे उघडे ठेवून दिले, त्यानेही वाटा उचलावा.

सुप्याच्या दंगलीनंतर सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला: मूळ रक्कम किती होती, व्याज कसे चढले, खरे देणे किती. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही थांबवले. कायद्यात त्रुटी होत्या, सावकारांनी पळवाटाही शोधल्या. पण कागदावर अंगठा आहे एवढ्यावर न्याय होत नाही, हे तत्त्व मान्य झाले. देशांच्या बाबतीत आपण अजून अंगठ्याशीच थांबलो आहोत. बहुतेक आंतरराष्ट्रीय रोखे न्यूयॉर्क किंवा इंग्लंडच्या कायद्याखाली काढले जातात. म्हणजे या दोन ठिकाणी नियम बदलला तरी पुष्कळ साधेल. इंग्लंडने २०१० मध्ये एक पाऊल टाकले ते नव्या कर्जांपर्यंत न्यावे, आणि न्यूयॉर्कनेही तसेच करावे.

आपल्यालाही यात भूमिका आहे. १९९१ मध्ये भारताने सोने गहाण ठेवून परकीय चलन उभे केले, ते माझ्या पिढीला आठवते. आज आपण धनकोही आहोत. २०२२ मध्ये श्रीलंका बुडाली तेव्हा आपण सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली आणि पुढे तिच्या सरकारी धनकोंच्या समितीत जपान आणि फ्रान्सबरोबर भारत अध्यक्षस्थानी होता. गहाणाचा अनुभव आणि धनकोची खुर्ची, दोन्ही असलेले देश जगात थोडे. त्या खुर्चीवरून भारताने एवढे जरी मागितले की देशांनाही नादारीचे दार असावे, थकलेल्या व्याजाला मर्यादा असावी आणि समझोत्याला ठराविक मुदत असावी, तर ते जुन्या व्यवहारज्ञानाला धरूनच होईल. धनकोंच्या पुढच्या बैठकीत आपला प्रतिनिधी हे बोलला, तर मला त्याचा अभिमान वाटेल.